नापास झालेले गुरुजी

मे महिना सरत आला की आपल्याकडं घराघरांत एकच विषय असतो. बारावीचा निकाल, दहावीचा निकाल आणि त्याच्या आगेमागे नीटचा. ज्या घरी मनासारखं झालं तिथं पेढे वाटले जातात. ज्या घरी झालं नाही तिथं दार अर्धं लोटलेलं असतं, आणि शेजारणीही त्या दारावरून जरा घाईनंच पुढं जातात. आतलं लेकरू तीन दिवस जेवत नाही. आई त्याला बोलतही नाही आणि त्याच्याशी गप्पही बसवत नाही. वर्षभर पहाटे पाचला उठून बसायचं वो, डोळे फोडून वाचायचं, पण डोक्यात काही राहीनाच, असं एखादी आई सांगते तेव्हा तिला काय उत्तर द्यावं हे कळत नाही.

लातूर माझं माहेर आणि नांदेड माझं सासर. दोन्ही गावं आता शिकवण्यांची झाली आहेत. दहावी झालेली पोरं पेटी-गादी घेऊन येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. त्यांच्या पाठीमागं गावाकडं एक आई असते आणि बऱ्याच वेळा विकलेला एखादा तुकडाही असतो. अशा दिवसांत मला नेहमी एका माणसाची आठवण होते. तो याच नांदेडचा. इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झालेला. पुढं त्याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झालेला, आणि ज्याचं भाषण ऐकायला अख्खा महाराष्ट्र थांबायचा असा. नरहर कुरुंदकर. आमच्या नांदेडला त्यांना आजही कुरुंदकर गुरुजीच म्हणतात.

मी सून म्हणून नांदेडला आले तेव्हा गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना पाहिल्याचं, ऐकल्याचं भाग्य माझ्या वाट्याला नाही. पण सासरच्या घरात फळीवर त्यांची पुस्तकं होती आणि जेवताना त्यांचं नाव निघत असे. सुरुवातीला मला वाटे, विद्वान माणूस आहे, आपल्याला काय कळणार. मग एकदा दुपारी भांडी-धुणं आटोपल्यावर एक पुस्तक काढलं, आणि लक्षात आलं की हा माणूस लिहीत नाहीच, समोर बसून सांगतोय. तिथून त्यांच्या आयुष्याची गोष्ट मी जमवत गेले. ती आज तुम्हाला सांगते, कारण तिच्यात आपल्या सगळ्यांच्या घरातल्या प्रश्नाचं काहीतरी आहे.

नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. वसमतजवळचं कुरुंदा हे त्यांचं गाव. तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता, १९९९ पासून तो हिंगोली जिल्ह्यात आला. त्यांच्या लहानपणी आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. घरात मराठी, कचेरीत उर्दू, वरच्या शिक्षणातही उर्दूचाच दबदबा. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. पुण्या-मुंबईकडं मराठी शाळा, मराठी ग्रंथालयं, मराठी वर्तमानपत्रं रुळून गेली होती, तेव्हा आपल्याकडं मराठीत शिकणं हेच एक काम होतं. पुस्तक हाती लागणं अवघड, आणि लागलं तर ते पुरवून पुरवून वाचायचं.

वसमतची शाळा झाल्यावर ते हैदराबादला गेले. तिथं मुसी नदीच्या काठावरचं सिटी कॉलेज. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांचे मोठे अभ्यासक. म्हणजे घरातच ग्रंथ आणि घरातच ग्रंथांवरची चर्चा. लहान गावातून आलेल्या, वाचायला हपापलेल्या मुलाला आणखी काय पाहिजे? त्यातच तो काळ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं तेव्हा नरहर सोळा वर्षांचा होता. आजूबाजूची मोठी माणसं तुरुंगात जात होती, सभा होत होत्या, रात्ररात्र वाद चालत होते. शाळकरी वयातच तोही या चळवळीकडं ओढला गेला.

आता तुम्हीच सांगा, अशा दिवसांत क्रमिक पुस्तक घेऊन कोण बसेल? बसणारे बसले आणि पासही झाले. हा मुलगा मात्र बसला नाही. त्या काळी मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी इंटरची परीक्षा असे, आपल्या आजच्या बारावीसारखी. पुढच्या पदवीचं दार तिथूनच उघडायचं. नरहर त्या दारावर पुन्हा पुन्हा अडकला.

घरच्यांच्या जिवाला त्या वेळी किती घोर लागला असेल, याची कल्पना आपण बायकांनी करावी. मामा विद्यापीठात प्राध्यापक आणि भाचा इंटर नापास. नात्यागोत्यात काय बोललं गेलं असेल हे कुणी लिहून ठेवलेलं नसलं तरी आपल्याला ते ऐकू येतं. मुलगा हुशार आहे पण वाया चाललाय, हे वाक्य मराठवाड्यात तेव्हाही होतं आणि आजही आहे.

पण तो खरंच वाया चालला होता का? तो रिकामा कधीच नव्हता. तो वाचत होता, आणि भयंकर वाचत होता. परीक्षेला नेमलेलं सोडून सगळं. इतिहास, धर्मशास्त्र, महाभारत, संस्कृत काव्यशास्त्र, राजकारण, कादंबऱ्या, इस्लामचा इतिहास. आणि वाचलेलं तो पोटात ठेवत नव्हता. कुणीतरी समोर पाहिजे, त्याला ते सांगितलं पाहिजे, त्यानं शंका काढली पाहिजे, मग त्या शंकेपायी पुन्हा पुस्तकाकडं गेलं पाहिजे. ही त्याची रोजची सवय. चहा पिताना, रस्त्यानं चालताना, मित्राच्या खोलीवर. भालचंद्रमहाराज कहाळेकर यांना ते गुरू मानत. हे गुरुशिष्यही वर्गात बसून एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, अशा जातीचे नव्हते. वादातून शिकणारं नातं होतं ते.

मला वाटतं गुरुजींच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध हाच. आपण शिकतो कसं, हे त्यांना कळलं. कुण्या तज्ज्ञानं चाचणी घेऊन सांगितलं नाही. रोजच्या वागण्यातूनच ते पुढं आलं. डोकं खाली घालून एकट्यानं घोकलेलं त्यांच्याकडून कागदावर उतरत नव्हतं, आणि चारजणांत बोललेलं आयुष्यभर विसरलं जात नव्हतं.

नांदेडात एक गोष्ट हमखास सांगतात. गुरुजी स्वतः इंटर नापास होते, तेव्हा एम.ए.ला बसलेले विद्यार्थी त्यांच्याकडं रससिद्धान्त समजून घ्यायला येत. रससिद्धान्त म्हटलं की आपल्याला धसका बसतो. पण विषय आपल्या घरातलाच आहे. आपण नाटकाला जातो, सिनेमाला जातो, तिथं पदर डोळ्याला लावून रडतो, आणि बाहेर येताना म्हणतो, काय छान होतं! दुःख बघून आनंद कसा होतो? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून आपल्याकडच्या पंडितांनी शेकडो वर्षं या एका प्रश्नाचा कीस पाडला. त्यातलं अवघडातलं अवघड, परीक्षेत न बसणाऱ्या माणसानं परीक्षेला बसणाऱ्यांना सोपं करून सांगावं, याची गंमत नांदेडकरांना अजून वाटते. पुढं गुरुजींनी नाट्यशास्त्रावर खूप काम केलं, ते याच ओढीनं.

१९५५ साली नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले. पुढची आठ वर्षं ते शाळामास्तर होते. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी वर्षं चटकन एका ओळीत उरकतात. मला मात्र तीच महत्त्वाची वाटतात. कारण ज्या माणसाला सांगता सांगता शिकायची सवय, त्याला शाळेसारखी जागा मिळाली. समोर पन्नास पोरं, कुणी कुरुंद्याकडचं, कुणी कंधार-मुखेडकडचं, कुणाचा बाप शेतकरी, कुणाचा हमाल. त्या पोरांना कळेल असं सांगायचं म्हणजे स्वतःला आधी लख्ख कळलेलं असावं लागतं. जे आपल्यालाच नीट कळलेलं नसतं तिथं सांगताना जीभ अडखळते. आपण अडाणी आहोत का समोरचा, हे तिथल्या तिथं उघडं पडतं. स्वयंपाक येणाऱ्या बाईला विचारा. भाकरी थापता येणं वेगळं आणि लेकीला थापायला शिकवणं वेगळं. शिकवताना कळतं की पीठ किती मळायचं, पाणी किती, हात कुठं फिरवायचा हे आपल्या हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं.

शाळेच्या बाहेरही हेच चालू असे. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं, गावोगावच्या व्याख्यानमाला, मित्रांच्या बैठकी. गुरुजी समाजवादी विचारांचे, देवाधर्माच्या बाबतीत कडक नास्तिक. पण ज्याचं आपल्याला पटत नाही ते आधी नीट समजून घ्यायचं, ही त्यांची शिस्त. मनुस्मृतीवर ते बोलले तेव्हा तो ग्रंथ बारकाईनं वाचून, त्याची बाजू काय आहे ते मांडून, मग ती का नाकारायची ते बोलले. नुसतं वाईट म्हणणं सोपं असतं आणि नुसतं थोर म्हणणंही. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं आणि मग उत्तर द्यायचं, ह्यात अभ्यास दुप्पट होतो.

पदवीचे कागद मागाहून आले, नोकरी करता करता. बी.ए. झालं, मराठीचं एम.ए. झालं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला सुरू झालं होतं, त्यामुळं आपल्या भागातल्या कितीतरी अडकलेल्या लोकांना वाट मिळाली. १९६३ साली गुरुजी पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज १९५० चं, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. त्यांच्याच नावानं नांदेडला १९९४ साली विद्यापीठ झालं. १९७७ साली गुरुजी त्या कॉलेजचे प्राचार्य झाले. इंटर नापास मुलगा प्राचार्यांच्या खुर्चीवर बसायला मधे पंचविसेक वर्षं गेली.

त्यांची पुस्तकं बघा. रूपवेध, मागोवा, जागर, शिवरात्र, धार आणि काठ, पायवाट, भजन. धार आणि काठ हा मराठी कादंबरीचा आढावा, शिवरात्र राजकारणावर, रूपवेध साहित्यशास्त्रावर. एकाच माणसानं इतक्या वेगवेगळ्या विषयांत हात घातला. त्यांतलं कितीतरी आधी भाषणातून आलं, मग छापलं गेलं. प्रस्तावनाही त्यांनी भरपूर लिहिल्या. रणजित देसाईंची श्रीमान योगी ही शिवाजी महाराजांवरची कादंबरी आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचली असेल. तिच्या सुरुवातीला एक लांबलचक प्रस्तावना आहे, ती खरं म्हणजे गुरुजींनी देसाईंना लिहिलेलं पत्र आहे. महाराजांच्या चरित्रात कोणते पुरावे भक्कम, कुठं दंतकथा शिरली आहे, लेखकापुढं अडचणी कोणत्या, हे सगळं त्यात आहे. इतिहासाचा एवढा मोठा अभ्यास, पण तो बाहेर आला पत्राच्या रूपात. म्हणजे इथंही समोर एक माणूस आहे आणि गुरुजी त्याला सांगत आहेत. त्यांची रीत शेवटपर्यंत बदलली नाही.

१० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून निघून आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला. लातूर पॅटर्न हे नाव त्यानंतरचं. गुरुजींनी ते ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर त्यावर एक चांगलं तासाभराचं भाषण नक्की झालं असतं, आणि ते दोन्ही बाजू मांडून झालं असतं.

आता मूळ मुद्द्याकडं येते. गुरुजींची गोष्ट सांगितली की लेकरांना फार आवडते, आणि ती ऐकून एखादा म्हणतो, बघ आई, नापास झालं तरी काही बिघडत नाही! तेवढंच यातून घेऊ नये. गुरुजींचंही बिघडलं होतंच. हुशारी असून वर्षं गेली, आणि शेवटी ते कागद मिळवावेच लागले. दुसरं म्हणजे आजचा काळ त्या वेळेपेक्षा कठीण आहे. तेव्हा मॅट्रिक झालेल्या मुलाला शाळेत जागा मिळे, आज बी.एड. होऊन पोरी घरी बसल्या आहेत. नापास होण्यात काही थोरवी नाही. परीक्षेच्या त्या तीन तासांबाहेर जे शिकणं चालू होतं, ते त्यांनी ओळखलं, सोडलं नाही आणि पुढं त्याच्याच जोरावर परीक्षाही पार केली, ही खरी घेण्यासारखी गोष्ट.

हल्ली शाळाशाळांतून एक शिबिर होतं. मुलाची चाचणी घेतात आणि सांगतात की हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी, तो हातानं करून शिकणारा. आया घरी येऊन तसंच धरून बसतात. माझ्या ओळखीच्या एकीनं मुलगा ऐकून शिकणारा निघाला म्हणून त्याच्या हातातलं पुस्तकच बाजूला ठेवलं आणि त्याला मोबाइल घेऊन दिला. तर मैत्रिणींनो, याबद्दल एक सांगायला हवं. २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत या विषयावरचे सगळे अभ्यास तपासून पाहिले. मुलांच्या अशा जाती पाडून त्याप्रमाणं शिकवल्यानं त्यांना जास्त येतं, याला भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. आवडनिवड असते, ते खरं. पण आवड म्हणजे जन्माची जात नव्हे. नकाशा हा सगळ्यांनी बघूनच शिकायचा असतो, कविता सगळ्यांनी ऐकून-म्हणून, आणि शिवण सगळ्यांनी हातानंच.

मग उपयोगी काय पडतं? त्याच्याबद्दलही पुरावा आहे. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिक या दोघा संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काहींना तो एकदा वाचायला दिला आणि मग न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं, आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिलेलं. पुन्हा पुन्हा वाचताना आपल्याला वाटतं की येतंय येतंय. खरं तर ते फक्त ओळखीचं झालेलं असतं. बाजारात चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसं.

हे कळलं तेव्हा मला गुरुजींच्या बैठकी आणि लातूरच्या शिकवण्या एकदम शेजारी दिसल्या. वरवर पाहता दोन्ही एकमेकांच्या उलट. तिथं गप्पा, इथं घड्याळ. पण लातूर पॅटर्नमधलं जे खरोखर कामाचं आहे ते काय? सराव परीक्षा. पेपर सोडवायचा, तपासून घ्यायचा, चुकलेलं पुन्हा सोडवायचा. म्हणजे डोक्यातलं बाहेर काढायचं. गुरुजी बोलून बाहेर काढत, लातूरची पोरं लिहून बाहेर काढतात. पहाटे पाचपासून नुसतं पुस्तक समोर धरून बसणारं लेकरू मात्र दोन्हीतलं काहीच करत नाही. ते फक्त आत कोंबत राहतं. मग परीक्षेत आठवत नाही, आणि आपण त्याला ढ म्हणतो. मला तरी या शब्दाची चीड आहे. लेकराला हा शब्द एकदा चिकटला की लवकर सुटत नाही, आणि मुलगी असेल तर त्या शब्दाच्या पाठोपाठ स्थळं बघायला सुरुवात होते. कितीतरी पोरींचं शिक्षण या एका अक्षरापायी थांबलेलं मी पाहिलं आहे.

आता आपल्या स्वतःकडं वळू या. कारण शिकणं फक्त पोरांचं नसतं. आपल्यातल्या कुणी बचत गटाच्या सचिव झाल्या आहेत आणि हिशेबाची वही अंगावर आली आहे. कुणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून लग्नानंतर राहिलेली पदवी पूर्ण करत आहेत. कुणी शिक्षक पात्रता परीक्षेला, कुणी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका पदासाठी बसणार आहेत. आणि जवळजवळ प्रत्येकीचं एकच म्हणणं, आता या वयात डोक्यात राहत नाही.

डोक्यात राहत नाही म्हणणाऱ्या बाईला मी विचारते, तुमच्या भजनी मंडळात तुम्हाला किती अभंग पाठ आहेत? साठ-सत्तर निघतात. कुठल्या पुस्तकातून घोकले? कुठल्याच नाही. टाळ हातात, तोंडानं म्हणायचं, शेजारणीनं धरलेला सूर उचलायचा, विसरलं तर पुढच्या गुरुवारी पुन्हा. नात्यातल्या दोनशे माणसांची लग्नं, बारशी, कोण कुणाची मावससासू, हेही पाठ. का? कारण ते आपण रोज कुणाला ना कुणाला सांगत असतो. आपल्या आज्या जात्यावर बसून ओव्या म्हणत. एकीनं सुरू केलं की दुसरी जोड देई, आणि अक्षरओळख नसताना शेकडो ओव्या एका पिढीतून दुसरीत गेल्या. शिकायची रीत आपल्या घरात होतीच. फक्त पुस्तक हाती आलं की आपण ती विसरतो आणि खाली मान घालून, ओठ मिटून बसतो.

तेव्हा कुठली चाचणी देण्याआधी आठ दिवस स्वतःवर नजर ठेवून बघा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी दोन शब्द लिहिले तरी पुरे. गेल्या वर्षभरात मी नवीन असं काय शिकले? मोबाइलवरून पैसे पाठवायला, शिलाई मशिनवर फॉल लावायला, नवा पदार्थ करायला, काहीही. ते मला कसं आलं? कुणी दाखवलं, मी विचारत गेले, दोनदा चुकवलं, का लिहून ठेवलं? कोणत्या वेळी आलं, पहाटे, दुपारी का रात्री सगळे झोपल्यावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते मी पुढं कुणाला शिकवलं का? आठ दिवसांनी तुमची तुम्हालाच रीत दिसेल. मग अभ्यासाला तीच लावून बघा. आणि रीत खरी का खोटी याची परीक्षा एकच. आठवड्यानंतर पुस्तक मिटून ते सांगता आलं पाहिजे.

गुरुजींना बैठका मिळाल्या, रात्ररात्र बोलायला माणसं मिळाली. आपल्याला तसा वेळ मिळत नाही, हे खरं आहे. पुरुषानं मित्रांत रात्री बारापर्यंत चर्चा केली तर तो विद्वान. बाईनं ओट्यावर अर्धा तास बोललं तर ती रिकामटेकडी. पण आपल्याला जे मिळतं तेही कमी नाही. हळदीकुंकू आहे, गटाची महिन्याची मीटिंग आहे, उन्हाळ्यात पापड-कुरडया करायला चौघी-पाचजणी जमतात. आमच्या गल्लीत मुक्त विद्यापीठाला बसलेल्या दोघीजणी आहेत. शेवया वाळत घालताना एकीनं प्रश्न विचारायचा आणि दुसरीनं उत्तर द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी बाकीच्या हसल्या. आठवड्याभरात त्या हसणाऱ्याही उत्तरं द्यायला लागल्या, आणि त्यातल्या एकीनं यंदा फॉर्म आणायला सांगितलाय.

आणि ज्यांच्या घरी यंदा दार लोटलेलं आहे त्या आईला एवढंच सांगते. लेकराला चार दिवस मोकळं राहू द्या. मग एका संध्याकाळी त्याला जवळ बोलवा, भाजी निवडायला घ्या, आणि त्याच्या पुस्तकातला एखादा धडा तुम्हाला समजावून सांगायला सांगा. तुम्हाला तो विषय कळत नाही, हे तर चांगलंच आहे. तुम्ही विचारत राहा, म्हणजे काय? असं का? तो कुठं अडखळतो ते तुम्हालाही कळेल आणि त्यालाही. जिथं तो भडाभडा बोलायला लागेल, तिथं त्याचं डोकं चालतं, हे ध्यानात ठेवा. पुरवणी परीक्षेला अजून अवधी आहे. रोज एक धडा झाला तरी बराच अभ्यास होतो, आणि तुमची भाजीही निवडून होते.